‘आवारा’ बार रूममध्ये दाखवा : मराठवाड्यातल्या वकील संघांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
मराठवाड्यातील जिल्हा व तालुका वकील संघ

आदरणीय ज्येष्ठांनो आणि ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो,

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात फौजदारी काम करते. हे पत्र एका मागणीसाठी आहे. येत्या ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनी (गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला त्या दिवशी), छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठही जिल्ह्यांतल्या वकील संघांनी आपापल्या बार रूममध्ये राज कपूर यांचा १९५१ चा ‘आवारा’ दाखवावा. पूर्ण दाखवावा, गाण्यांसकट. आणि तो पाहताना सगळ्यांनी, विशेषतः नुकतीच सनद घेतलेल्या ज्युनिअर्सनी, जग्गा या पात्रावर नजर ठेवावी.

‘आवारा’ म्हटलं की आपल्याला मुकेशचा आवाज आठवतो, आखूड पँट आणि फाटके बूट आठवतात. लग्नाच्या वरातीत बँड ते गाणं वाजवतो, गॅदरिंगमध्ये पोरं ते म्हणतात. गाणं घराघरात राहिलं आणि सिनेमा मागे पडला. हा सिनेमा सुरू होतो कोर्टात आणि शेवटी परत येतो तोही कोर्टात, हे आपल्या बारमध्ये किती जणांना आठवतं? मी विचारून पाहिलं. ज्येष्ठांपैकी काहींना आठवलं, ज्युनिअर्सपैकी फारसं कुणाला नाही.

पहिलंच दृश्य घ्या. आरोपीच्या पिंजऱ्यात सिनेमाचा नायक राज उभा आहे. न्यायाधीश रघुनाथ यांना ठार मारायला गेल्याचा त्याच्यावर आरोप आहे. त्याच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही, तेव्हा रीटा पुढे येते. ती रघुनाथांनीच वाढवलेली, त्यांच्या घरातली मुलगी, आणि वकील. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात स्वतः रघुनाथ येतात आणि त्यांचा उलटतपास सुरू होतो. हल्ला कुठे झाला, हत्यार कोणतं होतं, हे विचारायचं सोडून रीटा त्यांना त्यांच्या बायकोबद्दल विचारते. बायकोला घराबाहेर का काढलंत? आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आलेला माणूस तिथे अडखळतो, आणि पुढचा सगळा सिनेमा हा त्या एका प्रश्नाच्या उत्तरासारखा मागे मागे जातो. उलटतपासाची दृश्यं हिंदी सिनेमात पुढे शेकड्याने आली, पण इतका मोठा प्रश्न इतक्या साध्या शब्दांत विचारणारं दृश्य मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

आता जग्गा. के. एन. सिंग यांनी केलेली ही भूमिका आपण खलनायकाची म्हणून लक्षात ठेवतो. जरा त्याच्या खटल्याकडे वकिलाच्या नजरेने पाहा. त्याच्यावर बलात्काराचा आरोप आहे आणि पुरावा तकलादू आहे. पण त्याचा बाप गुन्हेगार होता, आजा गुन्हेगार होता, आणि रघुनाथांना तेवढं पुरतं. शरीफाच्या पोटी शरीफ जन्मतो, चोर-डाकूच्या पोटी चोर-डाकू, अशी त्यांची पक्की श्रद्धा आहे. त्या श्रद्धेवर ते शिक्षा सुनावतात. जग्गा तुरुंगातून पळतो आणि मग खरोखरचा डाकू होतो. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा त्याला कोर्टाने दिली, आणि गुन्हेगार तो त्यानंतर झाला. सूड म्हणून तो रघुनाथांची बायको लीला हिला पळवून नेतो. तिला दिवस गेलेत हे कळल्यावर चार दिवसांनी तिला सोडून देतो, कारण त्याला त्याहून मोठा सूड सुचलेला असतो. रघुनाथ तिच्यावर संशय घेणार, तिला हाकलणार, आणि मग जज्जाचं मूल रस्त्यावर वाढणार. त्या मुलाला, म्हणजे राजला, चोर करून दाखवायचं, म्हणजे रघुनाथांचं तत्त्व त्यांच्याच रक्ताने खोटं पडेल.

जरा थांबून विचार करा. ज्याला आपण खलनायक म्हणतो तो माणूस पुराव्याअभावी झालेल्या शिक्षेविरुद्ध, आपल्या परीने, भयंकर मार्गाने, अपील चालवतो आहे. ते अपील चुकीचं आहे, निष्पाप बाई आणि पोर त्यात भरडली जातात. पण मूळ निकाल चुकीचाच होता, आणि त्या निकालाबद्दल सिनेमात शेवटपर्यंत कुणी जग्गाची माफी मागत नाही. राजसाठी थिएटर रडतं, जग्गासाठी डोळा ओला करणारा प्रेक्षक मी पाहिलेला नाही. आपण वकील आहोत, आपण तरी जग्गाची फाईल उघडायला हवी.

बापजाद्यांवरून माणसाला दोषी ठरवता येतं का, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पेशाच्या पुस्तकात फार जुनं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ५४ सांगतं की फौजदारी प्रकरणात आरोपीचं वाईट चारित्र्य हा संबद्ध पुरावा नाही, आरोपीने स्वतःहून चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला तरच उत्तरादाखल तो आणता येतो. नव्या साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. माणसाचं स्वतःचं चारित्र्य चालत नाही, मग बापाचं आणि आजाचं कुठून चालणार? पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ मध्ये, त्याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधी सदस्य होते, दोन्ही कायदे त्यांच्याच कारकिर्दीतले. एका कायद्याने सांगितलं की माणसाला त्याच्या कृत्यावरून तोला. दुसऱ्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव छापलं की पुरे. त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही, असंही त्या कायद्यात लिहिलेलं होतं. मग नोंदवही आली, हजेरी आली, गाव सोडायचं तर परवाना आला, आणि शेवटी सेटलमेंट, म्हणजे या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहती, आल्या. आपल्या शेजारी सोलापूरला तारेच्या कुंपणातली ती सेटलमेंट होती. तिच्या आठवणी सांगणारी घरं आजही तिथे आहेत.

हा कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ‘आवारा’ प्रदर्शित झाला डिसेंबर १९५१ मध्ये. म्हणजे राज्यघटना लागू होऊन दोन वर्षं होत आली होती, पडद्यावर रघुनाथांचं तत्त्व उघडं पाडलं जात होतं, आणि नेमकं तेच तत्त्व कायदा म्हणून अजून जिवंत होतं. ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी ही कथा लिहिताना त्यांच्यासमोर हा कायदा होता का, याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण १९५१ च्या थिएटरात बसलेल्या एखाद्या पारध्याला किंवा कैकाड्याला, हजेरी लावून आलेल्या माणसाला, रघुनाथांची ती वाक्यं ऐकताना काय वाटलं असेल, हा विचार माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून मी ३१ ऑगस्ट हीच तारीख मागते आहे.

कायदा गेला, सवय राहिली. १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आज रिमांड रिपोर्टमध्ये जमातीचं नाव घेऊन कुणी आरोप करत नाही, पण ‘आरोपी सराईत आहे’ ही ओळ पालावरच्या, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीतल्या, पोराच्या कागदात फार सहज येते, कधी कधी पहिल्याच गुन्ह्यात. घरफोडी झाली की गाडी आधी पालाकडे वळते. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला पहिल्याच दिवशी ‘तुझा बाप कुठल्या केसमध्ये होता’ असं विचारलं गेलं होतं. तो मुलगा तोवर कोणत्याच केसमध्ये नव्हता. जामीन झाला तरी जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नाही, पक्कं घर नाही, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) देणारा नातेवाईक नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही तर त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडावं, हे आधीच्या दंड प्रक्रिया संहितेत होतं आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आपल्यापैकी किती जण तो अर्ज लगेच देतात? हा प्रश्न मी कुणाला टोचायला विचारत नाही. पक्षकाराचे नातेवाईक पन्नास किलोमीटरवर ऊसतोडीला गेलेले असतात, फोन लागत नाही, वकीलपत्रावर सही घ्यायलाच तीन दिवस जातात, हे मला माहीत आहे.

आणि हे फक्त छोट्या चोऱ्यांपुरतं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी ठरवली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, त्यांना खोटं गोवलं गेल्याचं नमूद केलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. फाशी झाली असती तर भरपाई कुणाच्या हातात दिली असती? रघुनाथांसारखं तत्त्व कोणताही न्यायाधीश निकालपत्रात लिहीत नाही. ते तपासाच्या पहिल्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात असतं आणि तिथून कागदावर उतरत जातं.

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग त्यासाठी व्याख्यान ठेवा, निकालपत्राचं वाचन ठेवा, सिनेमा कशाला? व्याख्यानं आपण ठेवतोच. व्याख्यानात माणूस पटवून घेतो आणि घरी जातो. ‘आवारा’त त्याला लीलाच्या बाजूला बसावं लागतं.

लीलाचं काम लीला चिटणीसांनी केलं आहे. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या सिनेमांची ती नायिका, मराठी रंगभूमीवरून आलेली. दहा-बारा वर्षांपूर्वी नायिका असलेली बाई इथे राजची आई होते, आणि हिंदी सिनेमातल्या दुःखी आईचा चेहरा तिथून पुढे कायमचा ठरून जातो. रघुनाथ तिला घराबाहेर काढतात तेव्हा रस्त्यावर लोक सीतेचं गाणं म्हणत असतात, जनकाच्या लेकीने सोसलेल्या जुलमाचं. पाऊस, अंधार, वेणा, आणि मागे ते समूहगान. माझ्या आजीने हा सिनेमा जत्रेत, तंबूतल्या थिएटरात पाहिला होता. तिला राज कपूर आठवत नव्हता, नर्गिस आठवत नव्हती. ती म्हणायची, ‘रामानं केलं तेच त्या जज्जानं केलं, बाईला इचारलंच न्हाई.’ जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणत वाढलेल्या बायकांना ते दृश्य कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आजीने जे म्हटलं ते कायद्याच्या भाषेत आपण रोज म्हणतो, की ऐकून घेतल्याशिवाय कुणाविरुद्ध निकाल देऊ नये. कोर्टात बसून जग्गाला पुराव्याशिवाय शिक्षा देणारा माणूस घरी येऊन बायकोलाही साक्ष न घेता शिक्षा देतो. हा सिनेमा दोन्ही अन्यायांचा उगम एकाच माणसाच्या एकाच सवयीत दाखवतो, आणि ही त्याची सर्वांत धारदार गोष्ट आहे असं मला वाटतं.

मग राजचं लहानपण. लहान राज शशी कपूर यांनी केला आहे. बूटपॉलिश करून शाळा शिकू पाहणारा पोरगा शाळेतून बाहेर पडतो, आई उपाशी आहे, तो भाकरीचा तुकडा चोरतो आणि पकडला जातो. पुढे तुरुंगात ताटात रोटी येते तेव्हा तो म्हणतो, हीच बाहेर मिळाली असती तर आत आलोच नसतो. हे वाक्य आपल्या भागातल्या कुठल्याही बालन्याय मंडळासमोर शोभेल. ऊसतोडीच्या फडावर कोपीत राहणारी, सहा महिने शाळेबाहेर असणारी लेकरं आपल्या जिल्ह्यांतूनच जातात. त्यांच्यातलं एखादं उद्या बाजारात पाकीट मारताना सापडलं, तर आपण त्याला रघुनाथांच्या डोळ्यांनी पाहणार की रीटाच्या?

रीटाबद्दल दोन शब्द, कारण मी बाई आहे आणि वकील आहे. या देशात स्त्रियांना वकिली करायला बंदी नाही, हे १९२३ च्या कायद्याने स्पष्ट झालं. त्यानंतर तीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा हा सिनेमा एक तरुण बाई काळ्या गाऊनमध्ये उभी करतो, तिला खुनाच्या प्रयत्नाचा खटला देतो, आणि समोरच्या साक्षीदाराच्या प्रतिष्ठेला ती घाबरत नाही. नर्गिसने ते काम आवाज न चढवता केलं आहे. तालुक्याच्या कोर्टात आजही नव्या मुलीला सिनिअर्स दिवाणी तारखा घ्यायला पाठवतात, सेशनची केस हातात येत नाही. त्या मुलींनी रीटाला उभं राहिलेलं पाहावं. याच सिनेमात समुद्रकिनाऱ्यावर राज रीटाला थपडा मारतो आणि ती ते सोसते, प्रेम म्हणून. ते दृश्य मला पाहवत नाही. दाखवताना ते वगळा असं मी म्हणणार नाही, पण चर्चेत त्यावर बोललं पाहिजे. ज्या सिनेमाने लीलावरच्या अन्यायाला एवढी जागा दिली, त्याला रीटाच्या गालावरची थप्पड दिसली नाही.

गाण्यांविषयी मी भरभरून लिहिणार आहे, कारण गाणी वगळून हा सिनेमा दाखवायची सूचना मला आधीच एकदा झाली आहे. ‘वेळ वाचेल’ म्हणून. कृपा करून तसं करू नका. शंकर-जयकिशन यांच्यातले शंकर हैदराबादेत वाढलेले, त्याच संस्थानात जिथे आपला मराठवाडा होता. शैलेंद्र रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम करता करता कवी झालेले. शीर्षकगीत ऐका. घर नाही, संसार नाही, कुणाचं प्रेम नाही, असं सांगणारा माणूस रस्त्याच्या मधून हसत हसत चालतो आहे. दुःखाची चाल असती तर आपण कणव करून मोकळे झालो असतो. ही चाल आपल्याला त्याच्याबरोबर चालायला लावते, आणि आपण ज्याच्याबरोबर ताल धरला तो पाकीटमार आहे हे आपल्या मागाहून लक्षात येतं. एका पाकीटमाराच्या बाजूने लाखो लोकांची मनं वळवायची हे काम कोणत्याही युक्तिवादाला जमलं नसतं.

आणि स्वप्न. जवळजवळ नऊ मिनिटांचं ते गाणं चित्रित करायला तीन महिने लागले. ढग, जिने, भव्य मूर्ती, वर कुठेतरी रीटा, आणि खाली ज्वाळांमध्ये राज, ‘हे जगणं नव्हे’ म्हणून ओरडणारा. मन्ना डे यांचा आवाज तिथे प्रार्थनेसारखा नाही, तक्रारीसारखा लागतो. मग लताबाई येतात, परदेशी घरी आल्याचं गाणं, सगळं उजळतं, आणि त्या उजेडात सुरा घेऊन जग्गा उभा राहतो. राजला बाहेर पडायचं आहे, मागचं आयुष्य त्याला बाहेर पडू देत नाही. पुढे तो खरंच कारखान्यात कामाला लागतो आणि चोर होता हे कळताच काढला जातो. सुटून आलेल्या माणसाला काम का मिळत नाही यावर आपण परिसंवाद घेतो, ते या नऊ मिनिटांत आणि त्या एका दृश्यात आहे. राधू करमाकर यांचं छायाचित्रण, एम. आर. आचरेकरांची नेपथ्यरचना, रघुनाथांच्या बंगल्यातल्या त्या सावल्या, यावर वेगळं पत्र होईल.

एक दृश्य मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. रीटाच्या वाढदिवसाला राज तिला हार देतो. हार आहे पण डबी नाही. रघुनाथही भेट आणतात, त्यांच्याकडे डबी आहे पण आत हार नाही. रस्त्यात राजने ज्या माणसाचा हार चोरला तो रघुनाथ होता. रीटाच्या हातात दोन्ही भेटी येतात आणि तिला कळतं. कुणी काही बोलत नाही. मुद्देमाल ओळखण्याचं इतकं शांत दृश्य मी कोर्टात कधी पाहिलेलं नाही.

आता या सिनेमाशी माझं जे भांडण आहे तेही इथे मांडते, कारण मी तो पूजेला ठेवायला सांगत नाही. राज हा जज्जाचा मुलगा निघतो. रस्त्यावर वाढला तरी मनाने चांगला, प्रेमळ, शेवटी सत्य बोलणारा. म्हणजे रघुनाथांचं तत्त्व एका बाजूने पडलं, जज्जाच्या पोटी चोर वाढला. पण दुसऱ्या बाजूने प्रेक्षक मनात म्हणू शकतो, बघा, शेवटी चांगल्या घरचं रक्त! आणि ज्याच्या बापजाद्यांवरून शिक्षा झाली तो जग्गा राजच्याच हातून मरतो, वाईट माणूस म्हणून. खरा प्रयोग व्हायचा असता तर जग्गाच्या मुलाला रघुनाथांच्या घरात वाढवून दाखवायला हवं होतं. सिनेमाने ते धाडस केलं नाही. हे मला १९५१ च्या हिंदी सिनेमाकडून फार मोठं मागणं वाटत नाही, कारण बाकी इतकं धाडस त्याने केलेलं आहे.

ते काम पुढे आपल्याच मातीतून झालं. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ लिहिलं, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ज्याला जन्मतःच चोर ठरवलं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली ती साक्ष आहे. ‘आवारा’ जिथे थांबतो तिथून पुढे जायचं तर ते पुस्तक वाचावं. मराठवाड्यातल्या प्रत्येक वकील संघाच्या ग्रंथालयात एआयआरच्या (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालपत्रांच्या) खंडांशेजारी त्याची एक प्रत असावी, ही माझी जोडमागणी.

शेवटच्या भाषणात राज दयेची याचना करत नाही. माझा विचार करू नका, गटाराशेजारी वाढणाऱ्या पोरांचा करा, असं तो म्हणतो. आणि त्याला शिक्षा होते, तीन वर्षांची. रीटा इतकं चांगलं लढूनही तो सुटत नाही, आणि हे मला फार प्रामाणिक वाटतं. परिस्थितीने माणूस घडला हे समजून घ्यायचं आणि तरी कृत्याचा हिशेब व्हायचा, या दोन्ही गोष्टी एका निकालात बसू शकतात. आपण शिक्षेच्या प्रश्नावर बोलायला उभे राहतो तेव्हा ‘आरोपी गरीब आहे, दया दाखवावी’ या एका वाक्यावर उरकतो. रीटाने त्या माणसाचा सगळा जीवनक्रम कोर्टापुढे ठेवला. शिक्षा ठरवताना कोर्टाने आरोपीची परिस्थिती पाहावी हा आपल्याकडे कायदा आहे, मग ती परिस्थिती पुराव्यासकट मांडायला आपण का आळसतो?

हा सिनेमा १९५३ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, १९५४ पासून रशियात लोकांनी डोक्यावर घेतला, तुर्कस्तान आणि चीनपर्यंत पोहोचला. आपल्याकडे निजामाच्या काळात कोर्टाचं काम उर्दूत चालायचं, आपल्या आधीच्या पिढीतल्या वकिलांनी त्याच भाषेत युक्तिवाद केले. या सिनेमातली कोर्टाची हिंदुस्थानी त्यांना घरची होती. इतक्या लांबच्या लोकांना जो आपला वाटला तो आपल्या बार रूममध्ये यायला अडचण नसावी.

कार्यक्रम कसा करावा यावर माझ्या सूचना अशा. सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे, म्हणून ३१ ऑगस्टला कोर्ट चालू असेल तर कोर्ट सुटल्यावर न लावता त्या आठवड्यातला सुटीचा दिवस निवडावा. सरकारी वकिलांना, पोलीस अधिकाऱ्यांना आणि शक्य असेल तर न्यायिक अधिकाऱ्यांनाही निमंत्रण द्यावं. जवळच्या विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बोलवावं. सत्कार, हारतुरे, प्रास्ताविक यात वेळ घालवू नये. पालावरची माणसं यावीत, आणि ती मागे उभी न राहता खुर्च्यांवर बसावीत. सिनेमा झाल्यावर त्यांच्यातल्या कुणाला बोलायचं असेल तर त्यांनी आधी बोलावं, आपण नंतर. तालुका विधी सेवा समितीचं एक टेबल बाहेर लावावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, पण अर्ज भरून घ्यायला कुणीतरी हवं. ज्यांची माणसं जामीन होऊनही आत आहेत त्यांची नावं त्याच दिवशी लिहून घ्यावीत आणि पुढच्या कामाच्या दिवशी जातमुचलक्याचे अर्ज दाखल व्हावेत. एका जिल्ह्यातून असे पाच अर्ज झाले तरी माझी मागणी फळाला आली असं मी समजेन.

आमच्या तालुक्याच्या बारमध्ये प्रोजेक्टर आहे, पडदा शाळेतून मिळतो आहे, खुर्च्या मंडपवाल्याकडे सांगून ठेवल्या आहेत. आपल्या संघाचा ठराव झाला की तारीख कळवा. जिथे चर्चेला माणूस हवा असेल तिथे यायला मी तयार आहे.

आपली सहकारी,
तालुका न्यायालयातली एक वकील
जिल्हा बीड